नवे ब्रेक आणि वाटीभर करडईचं तेल

बीदरहून गुलबर्ग्याला जाऊन यायला आता एक दिवस पुरतो, असं माझी नातवंडं सांगतात. मला एकदा नऊ दिवस लागले होते. त्यातले काही गाडीला नवे ब्रेक बसवण्यात गेले, काही ते दुरुस्त करण्यात, आणि मधला एक जवळजवळ अख्खा दिवस मी खोटं बोलण्यात घालवला. ज्यांनी तो रस्ता पाहिला नाही त्यांच्यासाठी रस्त्याचं वर्णन करते, आणि ज्यांनी मला म्हातारपणीच पाहिलं त्यांच्यासाठी माझंही करते.

म्हैसूर राज्याचं कर्नाटक होऊन थोडी वर्षं झाली होती. मी एकतीस वर्षांची. डोळ्यांवर काळा गॉगल, पदर कमरेला खोचलेला. बीदरमध्ये मोटार चालवणारी मी एकटीच बाई, हे मला कुणी सांगावं लागत नसे. मीच भेटेल त्याला सांगत असे. आमचे हे कॉलेजात गणित शिकवायचे. गाडी त्यांनीच घेतली, पण चाकामागं बसले की त्यांना वेग, काळ आणि अंतराचं उदाहरण दिसायचं आणि उत्तर दरवेळी भिंतीत यायचं. म्हणून मी शिकले. गाडी एका निवृत्त डेप्युटी साहेबांकडून आलेली, राखी रंगाची, गोल पाठीची. कंपनीचं नाव मुद्दाम सांगत नाही, कारण पुढं जे घडलं त्यात तिचा काडीचाही दोष नव्हता.

त्या गाडीचे जुने ब्रेक फार विचारी होते. पहिल्यांदा पाय दाबला की गाडीच्या कानावर जायचं, दुसऱ्यांदा दाबला की ती विचार करायची, आणि तिसऱ्यांदा, मनात आलं तर, थांबायची. वेळ अमावास्येला, म्हणजे शेताची पूजा करून तिथंच जेवायच्या सणाला, आम्ही कमठाण्याच्या शेतात निघालो होतो. पालेभाज्यांची भज्जी आणि ताकातल्या अंबिलीची भांडी मागच्या सीटवर, भांड्यांना धरून आत्याबाई. आत्याबाई म्हणजे माझ्या सासूबाई. शेताच्या वाटेवर मी तीनदा पाय मारला आणि गाडी खळ्यावर रचलेल्या तुरीच्या ढिगात बॉनेटपर्यंत घुसली. सगळं शांत झाल्यावर मागून आवाज आला, "उतरू का, का अजून पुढं जायलीस?"

त्याच संध्याकाळी आमच्या ह्यांनी जाहीर केलं, एकतर नवे ब्रेक, नाहीतर नवा ड्रायव्हर. मी ब्रेक निवडले.

बीदर ते गुलबर्गा

तसे ब्रेक बसवून देणारा मिस्त्री गुलबर्ग्यात होता. ह्यांच्या कॉलेजात परीक्षा चालू होत्या, म्हणून मी आणि आत्याबाई दोघीच निघालो. डिकीत करडईच्या तेलाचा डबा होता, बसवकल्याणला दिलेल्या माझ्या नणंदेसाठी. परतताना तिच्याकडून यायचं ठरलं होतं.

बीदरची माती तांबडी. पांढऱ्या धोतराच्या काठावरून आमच्याकडच्या माणसाचं गाव ओळखू येतं. हुमनाबाद सोडलं की ती हळूहळू काळी होत जाते, शाळूची शेतं लागतात आणि आकाश एकदम मोठं होतं. मला ते पाहायला फुरसत नव्हती. समोर एक किलोमीटरवर बैल दिसला की मी हॉर्न वाजवायला लागत होते, गिअर उतरवत होते आणि त्या बैलाला मनातल्या मनात विनवत होते. कमलापूरला गाडी थांबवली, म्हणजे चढावर ती आपोआप थांबली, आणि तिथली लाल केळी घेतली. आत्याबाईंनी पहिल्यांदाच पाहिली. फणी उलटसुलट करून म्हणाल्या, "ह्या केळ्यांना कशाची लाज वाटायली म्हणायची?" खाल्ल्यावर मात्र आणखी एक डझन घ्यायला लावली.

गुलबर्गा

महबूब मिस्त्रीचं दुकान स्टेशनकडं जाणाऱ्या रस्त्यावर होतं. पत्र्याची शेड, दारावर ताज्या रंगाची पाटी. महबूब तिशी ओलांडलेला, काटकुळा, बोलताना माणसाकडं न बघता चाकाकडं बघणारा. मी ऐटीत सांगितलं की गाडी मीच चालवत आणली. त्यानं पेडल दोनदा दाबून पाहिलं आणि माझ्याकडं प्रथमच पाहिलं. "इस ब्रेकां पे? बीदर से?" त्याच्या आवाजात कौतुक आहे असं मला तेव्हा वाटलं होतं.

गाडीखाली झोपूनच त्यानं आपली हकीकत सांगितली, जणू दुसऱ्या कुणाची आहे. समोरचं मोठं गॅरेज शरणप्पा उस्तादांचं. महबूब तिथं पंधरा वर्षं होता आणि तीन महिन्यांपूर्वीच बाहेर पडला होता. भांडण ब्रेकवरूनच झालं. उस्तादांचं म्हणणं, जुन्या गाडीला जुनंच सामान शोभतं. महबूबचं म्हणणं, नव्या मॉडेलचे मोठे ब्रेक-ड्रम जुन्या गाडीच्या चाकांत बसतात, आणि वर बूस्टर लावला तर इंजिनाच्या ओढीनं पायाचा जोर वाढतो, मग बाईमाणसानं दाबलं तरी गाडी जागच्या जागी उभी राहते. निघताना उस्तादांनी त्याला साऱ्या गल्लीसमोर सांगितलं होतं की पहिलं मोठं काम परत आलं तर पाटी उतरवायची आणि पुन्हा माझ्याकडं पान्हा धरायला यायचं. महबूबनं ते कबूल केलं होतं. आणि ते पहिलं मोठं काम म्हणजे आमची गाडी.

तीन दिवस काम चाललं. आम्ही माझ्या मावसबहिणीकडं उतरलो होतो. आमच्या बीदरकडं ज्वारीची भाकरी तव्यावरून ताटात येते, मऊ आणि वाफाळलेली. गुलबर्ग्यात ती कागदासारखी पातळ थापून, वाळवून, टोपलीत चळत लावून ठेवतात. महिनाभर टिकते आणि चावली की शेजारच्या घरात ऐकू जाते. आत्याबाईंच्या तोंडात तेव्हा पाच दात होते. त्यांनी ती कडक भाकरी तुरीच्या वरणात बुडवून ठेवली, देवळात दर्शन घेऊन आल्या आणि मग जेवल्या. तेलातली भरली वांगी आणि शेंगांची चटणी मात्र त्यांनी दोनदा मागून घेतली. गुलबर्ग्याच्या तुरीसमोर कमठाण्याची तूर कशी काय वाटते, असं बहिणीच्या यजमानांनी विचारलं, तेव्हा त्या म्हणाल्या की आमच्या तुरीत मोटार शिरलेली हाय, चव सांगता येत न्हाई.

तिसऱ्या दिवशी दुपारी ब्रेकच्या नळ्यांतली हवा काढायची होती. त्याला दोन माणसं लागतात. एकानं गाडीत बसून पेडल दाबून धरायचं, दुसऱ्यानं चाकाजवळचा छोटा नट सैल करून हवा आणि तेल बाहेर सोडायचं. शुक्रवार होता, गल्लीतले हाताखालचे सगळे नमाजाला गेलेले, महबूब एकटाच लवकर परत आला होता. मी बहिणीबरोबर कापडाच्या दुकानात. तर आत्याबाईच चाकामागं जाऊन बसल्या. मी परत आले तेव्हा महबूब गाडीखालून ओरडत होता, "दबाव अम्मा! धरो! छोडो!" आणि नऊवारीतल्या माझ्या सासूबाई दोन्ही हातांनी चाक घट्ट धरून, दात-ओठ खाऊन, म्हणजे ओठच खाऊन, पेडल तुडवत होत्या. त्या दिवसापासून ब्रेक कुणी बसवले, या प्रश्नावर आमच्या घरात दोन मतं आहेत.

गाडी रस्त्यावर नेली. मी सवयीनं तीनदा मारायला पाय उचलला आणि पहिल्यालाच गाडी अशी उभी राहिली की माझा गॉगल काचेवर जाऊन आपटला. निघताना महबूबनं मला ब्रेकच्या तेलाची एक बाटली दिली. नवीन काम आहे, शंभर किलोमीटरनंतर बॉनेटखालच्या डबीतलं तेल बघा, कमी वाटलं तर भरा, असं सांगितलं. मग बाटली माझ्या हातात ठेवून, ती सोडायच्या आधी परत म्हणाला, "अक्का, येईच तेल डालना. दुसरा कुच बी नक्को."

मी मान हलवली. पदवीधर बायका जशी हलवतात तशी.

बसवकल्याण

बसवकल्याणला पोहोचले ती मिरवतच. वन्संच्या दारात येऊन वेगात असताना एकदम ब्रेक लावायचा आणि धूळ उडवायची, हे मी त्या एका संध्याकाळी चार वेळा केलं. दुसऱ्या दिवशी सकाळी महबूबचं सांगणं आठवलं. ब्रेकच्या तेलाची डबी उघडली, तर तेल बरंच खाली गेलेलं. बाटली आणायला डिकी उघडली, तर रस्त्याच्या गचक्यांनी तिचं बूच निघून सगळं तेल पोत्यात मुरलेलं. पोत्याशेजारी आमचा करडईच्या तेलाचा डबा, अगदी कोरडाठाक, घट्ट झाकणाचा, शहाण्यासारखा उभा.

आमच्या भागात करडईच्या तेलाला नाही म्हणायची पद्धत नाही. बाळाला तेच चोळतात, म्हाताऱ्याच्या गुडघ्याला तेच, दार कुरकुरलं तर बिजागरीला तेच, कान दुखला तर कोमट करून तेच. सासरी आल्यापासून मी त्या तेलानं सांधे मोकळे होताना पाहत आले होते. गाडीला तर सांध्यांशिवाय आहेच काय? त्या एकतीस वर्षांच्या विदुषीनं असा विचार केला की महबूब बिचारा शाळेत गेलेला नाही, तेल म्हणजे तेल हे त्याला कुणी सांगितलं नसेल. तिनं स्वयंपाकघरातून वाटी आणली आणि वाटीभर करडईचं तेल डबीत ओतलं. वरून पुसून घेतलं, झाकण लावलं आणि हात पदराला पुसले. आज मला ती बाई भेटली तर मी तिच्याकडून गाडीची किल्ली आणि वाटी दोन्ही काढून घेईन.

गंमत म्हणजे तो दिवस ब्रेक उत्तम चालले. मी आत्याबाईंना आणि वन्संना घेऊन किल्ला दाखवून आणला, बसवेश्वराच्या देवळात नेऊन आणलं, आणि घरी तयार केलेला उपाय बाजारातल्यापेक्षा चांगला असतो असं मनाशी ठरवून झोपले.

राजेश्वरच्या पुढं

सातव्या दिवशी सकाळी बीदरला निघालो. राजेश्वर मागं पडलं आणि गाडी जड वाटायला लागली. सपाट रस्त्यावर चढ चढल्यासारखी ओढत होती. मी आणखी ॲक्सिलरेटर दिला. आत्याबाई नाक फेंदारून म्हणाल्या, "कायतरी करपायलंय." मी म्हणाले, शेतात कुणी पाला जाळत असेल. त्या म्हणाल्या, "गाडीबरुबर पळायलाय व्हय त्यो पाला?"

हुमनाबाद चार-पाच किलोमीटरवर असताना गाडी पूर्ण थांबली. मी ब्रेकला पायही लावला नव्हता. उतरून पाहिलं तर चाकांतून धूर. प्यायच्या पाण्यातले चार थेंब चाकावर शिंपडले, तर तापल्या तव्यावर पडावेत तसे चर्रकन उडाले.

त्या काळात फोन फक्त मोठ्या साहेबांच्या घरी असायचा. आमच्याकडं निरोपाची सोय म्हणजे बसचा कंडक्टर. गुलबर्ग्याची बस हात दाखवून थांबवली, डायरीतलं पान फाडून महबूबला चिठ्ठी लिहिली आणि कंडक्टरच्या हाती दिली. त्यानं ती तिकिटांच्या गड्ड्याला दोरा लावून बांधली. नाव-गाव काही विचारलं नाही. स्टेशन रोडचा महबूब म्हटल्यावर त्याला कळलं. रस्त्याच्या कडेला एक छपराचं हॉटेल होतं. तिथं आम्ही चहा घेतला, चुरमुऱ्यांचा सुसला आणि मिरचीची भजी खाल्ली, आणि दुपारी अडीचला समोरच्या बसमधून खांद्याला पिशवी लावलेला महबूब उतरला. जेवण अर्धवट टाकून आला होता.

मी डबीचं झाकण काढून दाखवलं. आतलं तेल ताकासारखं गढूळ झालेलं. त्यानं बोट बुडवलं, हुंगलं, पण ब्रेकच्या जळलेल्या लायनरच्या वासात त्याला दुसरं काही कळणं शक्य नव्हतं. मग त्यानं अगदी साध्या आवाजात विचारलं, "अक्का, तेल डाले थे क्या?"

माझ्यापाशी तेव्हा एक वाक्य होतं. ते बोलले असते तर ही हकीकत इथंच संपली असती. पण मी काल दिवसभर बसवकल्याणभर धूळ उडवून आले होते, आणि शेजारी आत्याबाई बशीत चहा ओतत होत्या.

"हो, टाकलं होतं," मी म्हणाले. "तुम्ही दिलेलंच."

आत्याबाईंनी बशी तोंडाला लावली आणि रस्त्याकडं पाहत बसल्या.

महबूबनं विश्वास ठेवला. चाकाजवळचा नट सैल केला, तेलाची चिळकांडी उडाली आणि चाक सुटलं. मग मला समजावून सांगितलं: पेडलमागच्या मास्टर सिलिंडरमधलं रबर फुगलंय. पाय काढल्यावर तेल ज्या बारीक भोकातून मागं यायचं, ते त्या फुगलेल्या रबरानं बंद केलंय. म्हणून लावलेला ब्रेक सुटत नाही आणि चाक घासून घासून तापतं. गढूळपणा रबराचा, आतले रबरी वायसर खराब निघाले. "मेरेच हातां से लाया अक्का. मैं देख के लाना था." पिशवीची गाठ त्यानं दोनदा चुकवली ते मी पाहिलं, आणि उन्हामुळं असेल असं स्वतःला सांगितलं.

गाडी त्यानंच चालवली, सावकाश, मध्ये तीनदा उतरून नट सैल करत. मी मागच्या सीटवर. हुमनाबाद आलं, म्हटलं पुढच्या गावाला सांगू. कमलापूर आलं. लाल केळीवाली हाका मारत होती. गुलबर्ग्याची वेस आली. सांगायला गावं भरपूर होती, फक्त तोंड नव्हतं.

पुन्हा गुलबर्गा

सकाळी दुकानावर गेलो, तर महबूब शिडीवर चढून पाटीचे खिळे काढत होता. खाली शरणप्पा उस्ताद उभे, पांढरी टोपी, मागं हात बांधलेले. त्यांना बोलावलं होतं महबूबनंच. उस्तादांच्या चेहऱ्यावर आनंद असता तर मला बरं वाटलं असतं. तो नव्हता. पाटी खाली आली तशी त्यांनी मान फिरवली.

मी शिडीपाशी जाऊन म्हणाले, "पाटी राहू द्या. तेल मी टाकलं. तुमचं सांडलं होतं. मी करडईचं टाकलं, वाटीभर. काल मी खोटं बोलले."

मला वाटलं होतं आता आभाळ कोसळेल. तसं काही झालं नाही. उस्तादांनी माझ्याकडं फार मायेनं पाहिलं आणि कानडी वळणाच्या मराठीत म्हणाले, "अक्का, तुमचं मन मोठं हाय. पण आपल्या जिवावर दोष घिऊन कुणाला मिस्त्री करता येत न्हाई."

"अहो, मी खरंच टाकलं."

"शिकलेली बाई करडईचं तेल टाकंल व्हय ब्रेकमध्ये?"

महबूबही शिडीवरून म्हणाला, अक्का, मेरे वास्ते ऐसा मत बोलो. जमलेल्या गल्लीनं माना डोलावल्या. आयुष्यभर मी शहाणी आहे हे लोकांना पटवत आले होते, आणि मी मूर्ख आहे हे पटवायची वेळ आली तेव्हा एकजण ऐकायला तयार नव्हता. मी कुठली वाटी, किती वाजता, कोणत्या हातानं, सगळं सांगितलं. जितकं सांगावं तितकी मी त्यांना थोर वाटायला लागले. शेवटी मी चिडून म्हणाले की डबीतलं तेल बघा तरी.

रात्रभरात महबूबनं ते सगळं तेल काचेच्या बरणीत काढून ठेवलं होतं. ते निवळून दोन थर झाले होते. उस्ताद खाली बसले. दोन ग्लास पाणी मागवलं. एकात बाटलीतलं नवं ब्रेकचं तेल टाकलं, ते पाण्यात मिसळून गेलं. दुसऱ्यात बरणीच्या वरच्या थरातलं टाकलं. त्याचे पिवळे डोळे झाले आणि पाण्यावर तरंगत राहिले. गल्ली पुढं सरकली. माझा जीव भांड्यात पडला, पण उस्ताद जुना माणूस.

"हे दुसरं तेल हाय, खरं. पर इंजिनाचं बी असंच तरंगतंय. ह्यानंच चुकून दुसऱ्या डब्यातलं भरलं नसंल कशावरून?"

महबूबनं शिडीवरूनच बरणीकडं पाहिलं. त्यालाही आता स्वतःची खात्री उरली नव्हती. ते मला सर्वांत वाईट वाटलं.

तेव्हा आत्याबाई पुढं आल्या. बरणीत बोट बुडवलं, तळहातावर थेंब घेतला, दुसऱ्या हातानं चोळला, हुंगला. चाळीस वर्षं त्या तेलात फोडण्या दिलेला हात.

"करडई," त्या म्हणाल्या. "आमच्या घाण्याची. गेल्या सालची."

उस्तादांनी तळहात पुढं केला. आत्याबाईंनी त्यावर थेंब दिला. त्यांनीही चोळून हुंगला, आणि त्यांच्या मिशा हलल्या. त्यांच्याही घरात करडईच होती.

"आन लेकीकडं डबा उतरवला तवाच म्या बघितलं," आत्याबाई म्हणाल्या, "वाटीभर कमी."

"मग काल कामून सांगितलं न्हाई आई तुमी?" उस्तादांनी विचारलं.

"तोंड सुनेचं हाय. तिनंच उघडावं."

गल्लीत हसू फुटलं. मी गॉगल शोधत होते, तो नेमका बहिणीकडं राहिला होता. महबूब शिडीवरून खाली उतरला. मला वाटलं रागावेल, आणि त्यानं रागवावं अशी माझी फार इच्छा होती. तो माझ्यासमोर उभा राहिला, दोन्ही हात शर्टाला पुसले आणि म्हणाला, "रात भर सोया नै मैं अक्का." बस्स, एवढंच. मी माफी मागितली. तोपर्यंत तो गाडीखाली गेलाही होता.

त्यानं मग सगळी रबरं बदलली, नळ्या स्पिरिटनं धुतल्या, चारी चाकं उघडून पुसली. उस्ताद रस्ता ओलांडून दोनदा आले आणि बघून गेले. तिसऱ्यांदा आले तेव्हा रबराचा एक नवा संच हातात होता, तो स्टुलावर ठेवून गेले. हवा काढताना पेडल मी तुडवलं. आत्याबाई बाहेर उभ्या राहून माझ्या चुका काढत होत्या. पाटी कुणी परत लावली ते मी पाहिलं नाही. मान वर करायची परवानगी मला नव्हती.

नवव्या दिवशी सकाळी निघायच्या आधी चाचणी. उस्ताद स्वतःहून येऊन माझ्या शेजारी बसले. महबूब मागं, आत्याबाईंजवळ. गावाबाहेरच्या उतारावर उस्ताद म्हणाले, सोडा गाडी, आणखी सोडा. मी सोडली. वळणावर म्हशी. दहा-बारा, रस्ता भरून, सोमवारच्या बाजाराला निघाल्यासारख्या निवांत. मी एकदाच पाय ठेवला. गाडी सरळ रेषेत, न ओरडता, पहिल्या म्हशीच्या शेपटीपासून हातभर अंतरावर उभी राहिली. उस्तादांची टोपी काचेवर जाऊन खाली पडली. मी पाय काढला आणि श्वास धरून वाट पाहिली. गाडी उतारावर पुन्हा सुळकन हलली. ब्रेक सुटला होता. मागून कुणीतरी मोठा सुस्कारा सोडला. तो महबूबचा होता की आत्याबाईंचा, कोण जाणे. माझा तर होताच.

उस्तादांनी टोपी उचलली, मांडीवर झटकली, डोक्यावर ठेवली. परत दुकानासमोर उतरले, चार चाकांवरून हात फिरवला, एकही तापलं नव्हतं. मग रस्ता ओलांडायला निघाले आणि मध्येच थांबून, महबूबकडं पाठ ठेवूनच म्हणाले, "माजी जुनी जीप हाय. हेच बसवायचं तिला. शनिवारी आणतो."

महबूब पिशवीत पान्हे भरत होता. मग पान्हा पिशवीत टाकत तो म्हणाला, "शनिवार को नै जमता उस्ताद. सोमवार को लाव."

उस्ताद वळले. त्यांनी पंधरा वर्षं शिकवलेल्या माणसाकडं नीट पाहिलं.

"आयतु, बरं," ते म्हणाले. "सोमवारी."

आम्ही निघालो. तिथून बीदरपर्यंत सांगण्यासारखं काहीही घडलं नाही.